सामन्याची आणेवारी

त्या आठवड्यात रोज सकाळी दार उघडलं की ओट्यावर वांगी असायची. पहिल्या दिवशी अर्धा किलो. दुसऱ्या दिवशी किलोभर. तिसऱ्या दिवशी वांग्यांच्या जोडीला मेथीची जुडी आली, आणि तेव्हा मला कळलं की प्रकरण आता हाताबाहेर गेलेलं आहे.

वांगी ठेवणारा माणूस समोरच राहतो. डोणगावपासून जवळच्या आमच्या या गावात त्याची दोन एकर भाजी आहे. बाजाराच्या दिवशी तो डोणगावला बसतो. मी बत्तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले, त्यामुळे गावातली सगळी इंग्रजी कागदपत्रं अजून माझ्याकडेच येतात. बँकेची, विम्याची, औषधाच्या बाटलीवरची. या माणसाच्या मुलीचीही आली होती. ती रग्बी खेळते.

गावाला हे पचायला चार वर्षं लागली. शाळेत एक उत्साही खेळशिक्षक आले होते. त्यांनी कुठून तरी तो लांबट चेंडू आणला, मुलींना धरून मैदानावर पळवलं आणि वर्षभरात बदली करून घेऊन निघून गेले. चेंडू राहिला आणि ही मुलगी राहिली. तालुका, जिल्हा, राज्य असं करत ती एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात गेली. निवडीचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. तिच्या बापाने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "याच्यात हातपाय मोडला त कोन पाह्यते, थे लिहलं हाये का?" लिहिलेलं होतं, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. मी तेही वाचलं.

आता परदेशात सामना होता. एकच सामना, पण देशाच्या नावाचा. आणि घरात बाप-लेकीचा एक करार झाला होता, तोही भांडणात झालेला. धामणगाव बढ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, शेती चांगली, माणसंही वाईट नव्हती, म्हणजे नकार द्यायला काही कारणच नव्हतं. मुलगी म्हणाली, मला अजून खेळायचं आहे. बाप म्हणाला, किती दिवस? त्यावर ती रागाच्या भरात बोलून गेली, "आमी जिंकून येतो. जिंकलो त खेळू द्या, हारलो त तुमी म्हनान त्याच्यासंगं लगन करीन." बापाने तिथेच मान डोलावली. शब्द दिला की त्याच्याकडे तो सुटत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने दिला.

पण स्थळवाले थांबायला तयार नव्हते. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं आणि त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. सुपारी फोडायची की नाही, सांगा. सामना मात्र त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. म्हणजे निकालाच्या नऊ दिवस आधी निकाल हवा होता, आणि तो सांगणारी बाई समोर राहत होती.

"मॅडम," तो वांगी यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "पोरीची टीम जिंकन का नाई, तेवढं सांगा. तुमी जिंकन म्हनले त मी बढ्यावाल्यायले नाई म्हनून देतो. तुमी हारन म्हनले त शुक्करवारी सुपारी फोडतो."

"भाऊ, मला कसं कळणार?"

"तुमाले नाई कळन त कोनाले कळन? भादवा कोनं सांगतला होता?"

इथे मला भादव्याबद्दल सांगावं लागेल.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पाण्याची घागर मांडतात आणि तिच्याखाली मातीची चार ढेकळं ठेवतात. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. दुसऱ्या दिवशी जे ढेकूळ भिजलेलं दिसेल त्या महिन्यात पाऊस. दोन वर्षांपूर्वी मी याच माणसाच्या घरी पूजेला गेले होते. नव्या घागरीच्या एका बाजूला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून ओल उमटत होती. त्या चिरेच्या बरोबर खाली भादवा होता. मी सहज म्हणाले, "यंदा भादवा." सकाळी भादव्याचा चिखल झाला होता. मी चीर दाखवून खुलासा करणार, तेवढ्यात सगळे घरी गेले. त्यावर्षी भाद्रपदात पाऊस असा कोसळला की नाल्याकाठची शेतं खरडून गेली.

त्यानंतर मी अनेकांना त्या चिरेबद्दल सांगितलं. कोणी अविश्वास दाखवला नाही. घागर झिरपते हे त्यांनाही माहीत होतं. पण ती बरोबर भादव्याच्याच बाजूला का झिरपली, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अशा रीतीने आयुष्यभर अंगारे-धुपारे, मुहूर्त आणि राशिभविष्य यांची टिंगल करणारी बाई गावची जाणती झाली. मागच्या उन्हाळ्यात एकाने मला बोअरची जागा दाखवायला नेलं होतं. मी दाखवली नाही. त्याने मी उभी होते तिथेच खणलं.

तर त्या रविवारी मी म्हणाले, "विचार करून सांगते."

हीच चूक. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं. विचार करून सांगते म्हणणं म्हणजे आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे, याची कबुली. सोमवारी वांगी आली.

मी खरंच विचार केला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. फोनवर समोरच्या संघाचे तीन सामने पाहिले. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. मुली उंच होत्या, थंड डोक्याच्या होत्या, आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्या सुरुवातीपेक्षा जास्त वेगाने पळत होत्या. मग आपल्या संघाचे सामने पाहिले. आपल्या मुली सुरुवातीला विजेसारख्या असत आणि साठाव्या मिनिटाला त्यांचे हात गुडघ्यांवर जात. आमच्या गावची मुलगी कडेला खेळते. चेंडू तिच्यापर्यंत आला तर ती सुटते. पण तो तिच्यापर्यंत येत नसे. या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायची परवानगी नाही, मागेच फेकायचा आणि स्वतः पुढे धावायचं. संस्थेत नोकरी केलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही.

आपण हरणार होतो. याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पण हरतील म्हणावं, तर शुक्रवारी सुपारी फुटते. जिंकतील म्हणावं, तर सुपारी टळते, मग रविवारी मुली हरतात, आणि बाप तिला पुढच्या स्थळाला देतो, या वेळी मॅडमनेही फसवलं या भावनेसह. खरं बोलून तिचा खेळ शुक्रवारी संपत होता, खोटं बोलून नऊ दिवसांनी. मी गप्प राहिले असते, तर शुक्रवार आपोआप आलाच असता.

मी मागच्या गल्लीने बाजारात जायला लागले. किराणा दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमाले नाई सांगत का मंग? हळूच सांगजा कानात." एसटीच्या थांब्यावर दोघे बोलत होते, मला पाहताच थांबले, जसं डॉक्टर आल्यावर पेशंटचे नातेवाईक थांबतात. मग मी घराबाहेर पडणंच बंद केलं. वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी, वांग्याचा भात. बुधवारी मुलगी स्वतः आली.

ती खुर्चीवर कधी नीट बसत नाही, कडेला बसते, उठायच्या तयारीत. टेबलावर सामन्यांच्या टिपणांची माझी वही उघडी होती. मी ती मिटली, जरा उशिराच.

"मॅडम, तुमी जिंकन म्हना."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"आमी हारत नाई."

"बेटा, मी त्यांचे सामने पाहिलेत."

"मीही पाह्यले." ती चिडून म्हणाली. "रोज पाह्यतो आमी, क्यांपात, मोठ्या पडद्यावर. तुमाले काय वाटते, आमाले दिसत नाई?" मग खाली पाहत, "मी म्हनून बसली न बाबाले. आता वापस कशी घेऊ?"

मी चहा केला. तिने घेतला नाही. जाताना दारात म्हणाली, "उद्या सत्कार हाये. साहेबायनं तुमचं नाव टाकलं पत्रिकेत."

साहेब म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांची भाषणं मी वीस वर्षं लिहून दिली, त्यामुळे त्यांना वाटतं ती त्यांची आहेत आणि मी त्यांची आहे. गुरुवारी शाळेच्या मैदानावर मंडप होता. प्रवेशद्वारावर फ्लेक्स होता. त्यावर अकरा पुरुषांचे चेहरे होते, सगळे हात जोडलेले, सर्वांत मोठा चेहरा अध्यक्षांचा. खाली उजव्या कोपऱ्यात मुलगी. तिच्या शेजारी फुटबॉलचं चित्र होतं. फ्लेक्सवाल्याला लांबट चेंडू सापडला नव्हता, आणि सापडला असता तरी अकरा चेहऱ्यांमधून जागा कुठून काढली असती?

व्यासपीठावर मला सोफ्यावर मधोमध बसवलं. ज्या सोफ्यावर तिघे बसतात त्यावर पाच जण होतो. दोन्ही बाजूंनी खांदे दाबले गेलेले, मांडीवर शाल, शालीवर गुच्छ. रग्बीत एक ढीग होतो, चेंडू घेऊन पडलेल्या खेळाडूच्या अंगावर सगळे येतात, आणि नियम असा की पडलेल्याने चेंडू सोडून द्यायचा. धरून ठेवला तर शिक्षा. माझ्या हातातला चेंडू मी रविवारपासून सोडलेला नव्हता.

मुलीला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. खाली उतरताना तिने नारळ नकळत काखेत घट्ट दाबला आणि दुसरा हात पुढे काढला, कोणी अडवायला आलंच तर. मला हसू आलं. सभेत मी एकटीच हसले.

मग अध्यक्ष उठले. मी त्यांना दीड पान लिहून दिलं होतं, त्यात भविष्याचा उल्लेख नव्हता. त्यांनी पान संपवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आन् आता, ज्याच्यासाठी एवढी पब्लिक जमा झाली हाये! आपल्या मॅडम, ज्यायनं भादवा सांगतला होता, त्या मॅडम आज सांगतीन, आपली पोरगी जिंकते का नाई. आन् मी सांगतो, जिंकतेच! बोला मॅडम!"

टाळ्या इतक्या झाल्या की नाही म्हणायला जागा राहिली नाही. माइक हातात आला. तिसऱ्या रांगेत मुलीचा बाप बसला होता, धुतलेल्या टोपीत. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याने मांडीवर हात ठेवले होते, आणि माझ्याकडे तो अशा नजरेने पाहत होता जी मी फक्त एकदाच पाहिली होती, तलाठी शेताच्या बांधावर उभा राहून पिकाचा अंदाज घेत होता तेव्हा. त्या नजरेवरूनच मला सुचलं, उत्तरही आण्यांतच द्यावं.

आमच्याकडे पीक आण्यांत मोजतात. सरकारने ते कधीच पैशांत नेलं, पण लोकांच्या तोंडात अजून आणेच आहेत. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. बारा म्हणजे चांगलं. आठ म्हणजे निम्मं. काढणीच्या आधी, पीक उभं असताना, नजरेने अंदाज करतात.

"सोळा आणे म्हणजे जिंकणं असेल," मी म्हणाले, "तर हे सोळा आणे पीक नाही."

अध्यक्षांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फ्लेक्सवरच्यासारखं.

"मंग किती?" हा आवाज तिच्या बापाचा होता. तो उभा राहिला होता. "किती आने, मॅडम?"

घरी वहीत मी सवयीने आण्यांतच आठ लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा मारून. तीन दिवसांचा तो सगळा अभ्यास. तोंडातून आलं, "सहा."

दोन आणे मी मुलीसाठी बाजूला ठेवले. हे त्या क्षणी ठरवलं, असं मला म्हणता येणार नाही. पण चुकून झालं, असंही म्हणता येणार नाही.

मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे.

"सहा आने," तिचा बाप स्वतःशी म्हणाला. मग मोठ्याने, "मंग मोडून टाका लागते का, उभं राहू द्या लागते?"

सहा आण्यांचं पीक मोडावं की ठेवावं हा प्रश्न या मंडपातल्या प्रत्येकाने कधी ना कधी घरात विचारलेला होता. मी शिक्षिका होते, शेतकरी नव्हते, पण उत्तर मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याला ते माइकवरून ऐकायचं होतं.

"उभं पीक मोडायचं नसतं, भाऊ. काढणीपर्यंत थांबा. काय हाती येतं ते पाहा, मग रान मोकळं करा."

तो बसला. अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले की मॅडमचा विनोदी स्वभाव सर्वांना माहीतच आहे, विजय आपलाच आहे. टाळ्या पुन्हा वाजल्या. नाश्त्याला आलुबोंडे होते.

शुक्रवारी त्याने बढ्याला फोन करून सांगितलं की पीक उभं आहे, दहा दिवस थांबा. स्थळवालेही शेतकरीच, त्यांनी कुरकुर केली आणि थांबले. त्याच दिवशी मुलगी शेगावहून गाडीने निघाली. बाप तिला स्टेशनवर सोडायला गेला. घरासमोरून जीप गेली तेव्हा मी ओट्यावर उभी होते. तिने मान वळवली नाही. भर मंडपात जिला मी सहा आणे म्हणाले, ती का वळवेल? मी आत येऊन वही फडताळात टाकली.

पुढच्या आठवड्यात, रविवारी दुपारी माझ्या घरी सामना पाहायला तिचा बाप आणि आई आले. नेट अधूनमधून अडकत होतं. चित्र थांबलं की मुली हवेतच राहत, आणि तिची आई म्हणे, "पाडलं वाटते पोरीले." पहिला अर्धा तास आपण पुढे होतो. बापाने आनंद दाखवला नाही. "सुरवातीले सगळेच पिकं हिरवे दिसते," तो म्हणाला. मग व्हायचं ते झालं. उंच मुली वेग घेऊ लागल्या, आपल्या मुलींचे हात गुडघ्यांवर गेले.

पण शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कडेला आला. मागे, मागे, मागे फेकला जात तिच्या हातात पडला. ती सुटली. नारळ काखेत घेतला होता तसाच तो चेंडू, आणि दुसरा हात पुढे. एकजण आडवी आली, ती तिने हाताने बाजूला सारली. तिची आई उठून उभी राहिली. चित्र थांबलं. फिरणारं वर्तुळ आलं. आम्ही तिघं त्या वर्तुळाकडे पाहत बसलो, किती वेळ कोण जाणे. चित्र सुरू झालं तेव्हा ती रेषेपलीकडे गवतावर पालथी पडली होती आणि तिच्या अंगावर चार मुली होत्या, आपल्याच.

बत्तीस-अठरा. आपण हरलो.

मग तिच्या बापाने माझ्या टेबलावरचं लाइटबिल उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि आकडे मांडले.

"बत्तीसचे सोळा," तो म्हणाला. "म्हंजे दोनाचा एक. अठराचे झाले नऊ." त्याने पेन बंद केलं. "नऊ आने. मॅडमनं सहा सांगतले होते."

"हो," मी म्हणाले.

"सहाचा अंदाज आन् नऊ आने पीक आलं, असं वावर कोनी विकते का?" हे त्याने बायकोला विचारलं. ती डोळे पुसत होती. "अंदाजाच्या वर गेली पोरगी. अजून एक हंगाम पाहू. बढ्यावाल्यायले नाई म्हनून देतो."

हरली तर लग्न, असा शब्द होता. मी त्याची आठवण करून दिली नाही. मला वाटतं, त्यालाही आठवण होती.

मुलगी पंधरा दिवसांनी आली. कपाळावर दोन टाके, डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. खुर्चीच्या कडेला बसली. या वेळी चहा घेतला.

"वहीत आठ होतं," ती म्हणाली.

मी फडताळाकडे पाहिलं.

"मी पाह्यलं होतं त्या दिवशी. आठ पाहून लय राग आला होता मले. मंग स्टेजवर तुमी सहा म्हनल्या." तिने कप खाली ठेवला. "म्हनून जीपमधून पाह्यलं नाई तुमच्याकडं. बाबा बाजूले बसले होते. माझ्या तोंडावर समजलं असतं त्याह्यले."

"सांगितलंस त्यांना?"

"नाई. तुमीही सांगू नका." मग कप पुन्हा उचलून, "पुढची म्याच उन्हाळ्यात हाये. बाबा म्हनते, मॅडमले इचारून पाहू. आता दर टाइमाले तुमालेच इचारतीन थे."

"माहीत आहे."

"मंग दर टाइमाले दोन आने कमी सांगान?"

"सांगीन."

तिने बांधलेल्या बोटांकडे पाहिलं. खेळातला हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो, हे मी तेव्हा विसरले होते.

"आन् आमी खरंच सोळा आने झालो त? तुमाले माहीत असन का जिंकतो म्हनून, तरी तुमी चौदाच सांगान?"

खिडकीतून समोरच्या घराचा ओटा दिसत होता. तिचा बाप पाटीत वांगी निवडत बसला होता. चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. एक चांगलं वांगं त्याने हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि बाजारच्या पाटीत न टाकता वेगळं काढून ठेवलं.

"हो," मी म्हणाले. "चौदाच."

ती उठली. दारात जाऊन थांबली. "मंग आमी कधी जिंकनार हाओ, हे मले कोन सांगन?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता रस्ता ओलांडून गेली.